खिडक्यांची वाटणी

टायलिंग विंडो मॅनेजर वापरणाऱ्याच्या पडद्यावर एकही खिडकी दुसरीला झाकत नाही. नवी उघडली की जुन्या आकसतात आणि तिला जागा करून देतात. ओढाताण, सरकवासरकव काही नाही. लिनक्सच्या हौशी मंडळींची ही नवी टूम वाटते खरी, पण ही रीत बरीच जुनी आहे. बाजारात ती एकदा हरलीही होती.

1981 साली झेरॉक्सचा ‘स्टार’ संगणक आला. त्याच्या रचनाकारांनी एक गोष्ट हेरली होती: खिडक्या एकमेकींवर चढवण्याची मोकळीक असली, तरी माणसे त्या पुन्हा शेजारी शेजारी लावण्यातच वेळ घालवतात. पडदा 17 इंची, म्हणजे ऐसपैस होता. म्हणून त्यांनी खिडक्यांना एकमेकींवर चढूच दिले नाही. 1985च्या विंडोज 1.0मध्येही खिडक्या अशाच शेजारी शेजारी बसत. मॅकिंटॉशवर मात्र त्या एकमेकींवर चढत होत्या. 1987च्या विंडोज 2.0ने तीच वाट धरली आणि घरोघरच्या संगणकांवर तीच रूढ झाली.

टायलिंग तगले ते एमआयटीत 1984 साली सुरू झालेल्या ‘एक्स’ या प्रणालीमुळे. बॉब शायफलर आणि जिम गेटिस यांच्या या प्रणालीत चित्र काढायचे काम एक्सचे. खिडकी कुठे आणि केवढी, हे ठरवणारा विंडो मॅनेजर म्हणजे वेगळा, साधा प्रोग्रॅम. तो पटला नाही तर काढून दुसरा बसवता येई. म्हणूनच 2000च्या सुमारास ट्युओमो वाल्कोनेनचा ‘आयॉन’ आणि शॉन बेट्सचा ‘रॅटपॉयझन’ असे एकेकट्याचे प्रयोग उभे राहू शकले. दुसऱ्याचा रोख माउसवर होता, हे नावातच कळते.

2006 साली आन्सेल्म गार्बेने ‘डीडब्ल्यूएम’ लिहिला. याआधीच्या त्याच्या ‘डब्ल्यूएमआयआय’ला बाहेरून स्क्रिप्टने हुकूम देता येत. नव्यात त्याने हे दारच बंद केले. डीडब्ल्यूएमला सेटिंगची वेगळी फाइल नाही. रंग, फाँट, कळांच्या जोड्या, सगळे ‘कॉन्फिग.एच’ या सी भाषेतल्या फाइलीत. डावीकडे मुख्य खिडकी, उजवीकडे बाकीच्यांची उतरंड. मुख्य खिडकीचा वाटा 0.55. तो 0.6 हवा असेल तर आकडा बदला, ‘मेक’ चालवून प्रोग्रॅम पुन्हा बांधा आणि नव्याने सुरू करा. आकड्याऐवजी भलतेच काही लिहिले, तर कंपायलर तिथेच अडवतो. मूळ कोड 2000 ओळींच्या आत ठेवायचा, हा दंडक. त्यात नसलेली सोय हवी असेल तर कुणाचा तरी पॅच लावायचा. दोन पॅच एकाच ओळीवर भांडले की तो तंटा आपणच कोड वाचून मिटवायचा. इथे सेटिंग करणे आणि प्रोग्रॅम बांधणे ही दोन वेगळी कामे उरतच नाहीत.

पुढच्या शाखा सेटिंगसाठी कंपाइल करण्याच्या या एकाच अटीवरून फुटल्या. ज्युलियँ दाँजूने 2007 साली डीडब्ल्यूएमचाच कोड घेऊन ‘ऑसम’ काढला आणि पुढे सेटिंगसाठी लुआ भाषा आणली, म्हणजे पुन्हा कंपाइल नको. त्याच वर्षीच्या ‘एक्समोनॅड’ने मांडणी डीडब्ल्यूएमसारखी ठेवली, कंपाइलही ठेवले, फक्त भाषा हॅस्केल घेतली. मिखाएल श्टापेलबेर्गच्या ‘आयथ्री’ने 2009 साली अटच सोडली आणि साधी मजकुराची फाइल दिली.

एक्सची जागा घेणाऱ्या वेलँडमध्ये चित्र दाखवणारा आणि खिडक्या मांडणारा बहुधा एकच प्रोग्रॅम असतो. त्यामुळे मांडणी बदलायची म्हणजे पडदा, कीबोर्ड, माउस सांभाळणारा सगळाच डोलारा लिहावा लागतो. ड्रू डीव्हॉल्टने 2015 साली सुरू केलेला ‘स्वे’ आयथ्रीची सेटिंग-फाइल वाचतो. पण त्याच्या कामातून जन्मलेली ‘डब्ल्यूएलरूट्स’ ही लायब्ररी अधिक मोलाची. हा डोलारा ती उचलते. लिहिणाऱ्याकडे मुख्यतः मांडणी उरते. डीडब्ल्यूएमच्या वळणाचा ‘डीडब्ल्यूएल’ तिच्यावरच उभा आहे, आणि त्याचेही सेटिंग ‘कॉन्फिग.एच’मध्येच करावे लागते.