करवीरची मल्लविद्या, आपले जुने खेळ आणि एक ठराव

आपल्या कुंभार समाजाच्या गतवर्षीच्या सर्वसाधारण सभेत एक सूचना आली होती. खेळाडूंच्या गौरवासाठी व तालमींच्या वर्गणीसाठी दरसाल जी अल्प रक्कम आपण काढून ठेवतो, ती बंद करून शिष्यवृत्तीच्या निधीत वळती करावी, अशी ती सूचना होती. तिला अनुमोदन देणारा मीच होतो. वेळ संपल्यामुळे निर्णय यंदाच्या सभेवर गेला. मध्यंतरी स्मरणिकेच्या संपादकांनी 'जुन्या खेळांचा इतिहास' या विषयावर लिहिण्याची आज्ञा केली. त्यानिमित्ताने जे वाचले, जे आठवले व जे पुन्हा जाऊन पाहिले, ते ज्ञातिबांधव व भगिनींपुढे ठेवीत आहे.

आपण शाहूपुरीत राहतो. ही पेठ छत्रपती शाहू महाराजांनी १८९५ साली वसविली. गुळाच्या व्यापारामुळे तिची भरभराट झाली हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु ज्या राजाने व्यापारासाठी पेठ वसविली, त्यानेच कुस्तीसाठी मैदान बांधले, आणि त्याच्या मनात ही दोन कामे एकमेकांपासून फारशी दूर नव्हती. महाराज स्वतः धिप्पाड देहाचे व तालमीत घाम गाळलेले पुरुष होते. १९०२ साली ते सातव्या एडवर्ड बादशहांच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेस गेले. त्या प्रवासात त्यांनी रोम येथील कलोसियम हे प्राचीन क्रीडागृह पाहिले. तशी वास्तू आपल्या करवीरात असावी असे त्यांच्या मनाने घेतले. खासबागेच्या जागी १९०७ च्या सुमारास काम सुरू होऊन १९१२ साली मैदान खुले झाले.

खासबाग ज्यांनी केवळ रस्त्यावरून जाताना पाहिले असेल, त्यांना त्याची थोरवी कळावयाची नाही. आत जाऊन सर्वांत वरच्या पायरीवर बसावे. मध्यभागी मातीचा हौदा, आणि त्याच्या भोवती चढत गेलेली गोलाकार बैठक. शेवटच्या रांगेतील माणसालाही पैलवानाची पाठ मातीला लागली की नाही हे स्पष्ट दिसते. सुमारे तीस हजार माणसे बसतील अशी ही रचना आहे. आज ध्वनिवर्धक व पडदे लावूनही जे साधत नाही, ते जमिनीच्या उतारावर साधलेले आहे. शेजारीच १९१५ साली पॅलेस थिएटर उभे राहिले. त्यास पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. कुस्ती व नाटक यांना महाराजांनी भिंतीला भिंत लावून घर दिले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री लागलेल्या आगीत त्या नाट्यगृहाची राखरांगोळी झाली व खासबागेच्या बाजूचा रंगमंचही आगीत सापडला. त्या रात्री आपल्या गल्लीतील वृद्ध माणसे घरातले कोणी गेल्याप्रमाणे उंबऱ्यावर बसून राहिली होती.

१९१२ च्या त्या पहिल्या मैदानात गाजली ती इमामबक्ष व गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती. इमामबक्ष म्हणजे जगद्विख्यात गामा पैलवानाचे धाकटे बंधू. दोघेही बंधू १९१० साली लंडनमध्ये लढून आले होते. तेथे इमामबक्षांनी स्वित्झर्लंडच्या जॉन लेमला चीत केले होते. अशा मल्लास उत्तरेतून आणून मराठी मुलखातल्या मातीत उतरविणे हा केवळ दरबारी शौक नव्हता. आपल्या पोरांनी उत्तम काय असते ते डोळ्यांनी पाहावे, त्याशिवाय त्यांची इच्छा वाढावयाची नाही, असा त्यामागचा विचार असावा, असे माझे मत आहे.

मल्लविद्या आपल्याकडे त्याहून पुष्कळ जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात मल्लांच्या प्रती, त्यांचा आहार व त्यांचे डाव यांचा विचार केलेला आढळतो. उत्तर पेशवाईत, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात, बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या नव्याने ऊर्जितावस्थेस आणली. आणि 'पैलवान', 'वस्ताद', 'खलिफा' हे शब्द पाहा. ते फारसी-अरबीतून आले आणि मराठीत असे मुरले की त्यांना परके म्हणण्याची सोय राहिली नाही. धोबीपछाड, ढाक, कलाजंग, घिस्सा, एकलंगी, मोळी ही डावांची नावे घ्या. त्यांत हिंदी कोणते, मराठी कोणते, याची वाटणी कोणी करीत बसत नाही.

विटीदांडूचीही हीच कथा. लहानपणी आपण सारे 'वकट, लेंड, मूंड, नाल' असे मोजीत आलो. हे आकडे आले कोठून? तेलुगूत एक, दोन, तीन, चार यांना 'ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु' म्हणतात. कोणत्या शतकात, कोणत्या बाजारात किंवा कोणत्या छावणीत पोरे एकत्र खेळली, याची नोंद कोणत्याही बखरीत नाही. परंतु ती खेळली होती, याचा पुरावा आपल्या तोंडात राहिला आहे. इतिहासाचा शिक्षक म्हणून मी सनावळ्या पाठ करून घेतल्या, पण वर्गातील मुलांच्या ओठांवर असलेले हे साधन मी कधी वापरले नाही.

आता मातीविषयी. आपल्या ज्ञातीला मातीचे महत्त्व सांगावयास नको. चिखल तुडविता तुडविता देहभान हरपलेल्या गोरोबाकाकांचे आपण वंशज म्हणवितो. चाकावर घालावयाची माती आपण चाळतो, भिजवितो, तिच्यात लीद व राख घालतो, तुडवितो. हौद्याची मातीही अशीच कमवावी लागते. तांबडी माती बारीक चाळून तिच्यात तेल, ताक, हळद, काव, लिंबाचा रस, कापूर इत्यादी जिनसा घालतात. प्रत्येक तालमीचे प्रमाण निराळे असते व प्रत्येक वस्तादास आपलेच प्रमाण खरे वाटते. पहाटे पोरे प्रथम हौदा खणतात. हा खणणेच अर्धा व्यायाम आहे. मग जोर, बैठका, जोडी, आणि त्यानंतर लढत. लढतीपूर्वी वाकून माती उचलावयाची, कपाळास लावावयाची, थोडी समोरच्याच्या अंगावर टाकावयाची. घामाने निसटणारी पकड या मातीने बसते. म्हणजे ज्याला पाडावयाचे, त्याच्याच अंगाला आपण धरावयास माती लावतो.

अंगावर केवळ लंगोट असताना कोण कोणत्या ज्ञातीचा हे दिसत नाही, असे आपल्या सभांतून पुष्कळदा बोलले जाते. ते अर्धेच खरे आहे. पूर्वी सगळ्याच तालमी सर्वांना खुल्या होत्या असे म्हटले, तर ते आपल्या पूर्वजांची खोटी स्तुती होईल. सार्वजनिक विहिरी, शाळा, दवाखाने येथे अस्पृश्यता पाळू नये, असे हुकूम शाहू महाराजांना १९१९ साली काढावे लागले, यातच सारे आले. तथापि इतके खरे की, ज्या थोड्या ठिकाणी माणसे एकमेकांच्या अंगाला अंग लावीत होती, त्यांत हौदा होता. देवळाच्या ओवरीत हे शक्य नव्हते आणि पंक्तीत तर नव्हतेच. शिवाय महाराजांनी वसतिगृहे निरनिराळ्या ज्ञातींना काढू दिली, पण कुस्तीचे मैदान मात्र सर्व करवीराला मिळून एकच बांधले. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे वाक्य लिहिताना मला थोडा संकोच वाटतो, परंतु ते खोडावेसे वाटत नाही.

आपल्या पेठेचे नाव दिल्लीपर्यंत नेले ते श्रीपती खंचनाळे यांनी. चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचे हे मल्ल शाहूपुरीच्या तालमीत घडले. १९५९ साली दिल्ली येथे त्यांनी हिंदकेसरीचा पहिला मान मिळविला, आणि त्याच वर्षी कराड येथे ते महाराष्ट्र केसरी झाले. पुढच्याच वर्षी गणपतराव आंदळकर हिंदकेसरी झाले. ते मोतीबाग तालमीचे. ह्या दोघांच्या कुस्त्या माझ्या पिढीने पाहिल्या नाहीत. पण वडिलांच्या तोंडून त्या इतक्यांदा ऐकल्या, की कधी कधी मी त्या पाहिल्याच आहेत असे मला वाटू लागते. आंदळकर २०१८ साली व खंचनाळे २०२० साली निवर्तले.

खाशाबा जाधवांची हकीकत मात्र मला सविस्तर सांगावयाची आहे, कारण माझ्या अनुमोदनाची खरी अडचण तेथे झाली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मुलगा, जन्म १९२६ चा. कोल्हापुरात राजाराम महाविद्यालयात शिकला. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेला, तेव्हा त्याचा सारा अभ्यास मातीतला होता आणि तेथे लढावयाचे होते गादीवर. तरीही तो सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीस जाण्याची वेळ आली तेव्हा पैशाची तोंडमिळवणी होईना. गावोगावची वर्गणी गोळा झाली ती अपुरी पडली. त्या वेळी महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी तेथे कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. कऱ्हाडहून गोळेश्वरापर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने करून ते कर्ज फेडले. पुढे पोलीस खात्यात नोकरी केली. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांच्या नावे दिला गेला तो २०००-०१ च्या सुमारास, मृत्यूनंतर पंधराहून अधिक वर्षांनी.

या हकीकतीतील प्राचार्य हे विद्येचे माणूस होते. घर गहाण टाकावयाचे तर एखाद्या हुशार विद्यार्थ्याच्या परदेशी शिक्षणासाठी टाकावे, असे त्यांना कोणीही सुचविले असते, आणि मी तर अवश्य सुचविले असते. मी नोकरीत असताना परीक्षा जवळ आली म्हणजे खेळाचा तास गणिताला घेत असे, व पालक त्याबद्दल माझे आभार मानीत. एक मुलगा रोज पहिल्या तासाला पेंगत असे. पहाटे चारला उठून तालमीत जात असे, हे मला ठाऊक होते. तरी मी त्याला वर्षभर बाकावर उभा केला. वर्षाअखेरीस त्याने तालीम सोडली आणि पुढील वर्षी शाळाही सोडली. तालीम सोडली म्हणजे अभ्यासात मन रमेल, हा माझा हिशेब होता. त्या मुलाला शाळेशी बांधून ठेवणारी एकच गोष्ट होती, आणि ती मी सोडविली, हे ध्यानी येण्यास मला सेवानिवृत्त व्हावे लागले.

विद्या व खेळ यांची स्पर्धा लावावयाची नाही. आपल्या समाजातील मुले शिकली ती शिष्यवृत्त्यांनीच, आणि ते काम पुढे चालावेच. परंतु खेळाचे पैसे काढून ते चालविण्याइतका आपला समाज आता दरिद्री नाही. या जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ साली पॅरिस येथे नेमबाजीत कांस्यपदक मिळवून आला. खाशाबांनंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळविणारा तो दुसरा महाराष्ट्रीय. दोघांच्यामध्ये बहात्तर वर्षे गेली. त्या बहात्तर वर्षांत किती पोरे बाकावर उभी राहिली असतील, याचा विचार मला आता सुटत नाही.

मुलींच्या खेळांविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे, कारण ते आपल्या घरांतून लवकर गेले. श्रावणात नागपंचमीला झिम्मा, फुगडी, पिंगा यांचा फेर धरला जाई. हे केवळ मनोरंजन होते असे मानणाऱ्याने पाच मिनिटे बसफुगडी घालून पाहावी. सासुरवाशिणीला वर्षातून काही दिवस तरी मोठ्याने हसण्याची व दम लागेपर्यंत नाचण्याची मोकळीक या खेळांनी दिली. आता मंगळागौरीचे खेळ रंगमंचावर, एकसारख्या साड्या नेसून, सादर केले जातात. नाहीसे होण्यापेक्षा ते बरे. पण पाहणारे आणि खेळणारे असे दोन वर्ग झाले, की खेळाचा कार्यक्रम होतो. उलट दिशेनेही काही घडले आहे. मार्च २०२३ मध्ये सांगली येथे महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली व प्रतीक्षा बागडी या मुलीने गदा खांद्यावर घेतली. ज्या हौद्याजवळ आमच्या आया-बहिणींना उभे राहू दिले जात नव्हते, त्याच विद्येतील ही गदा आहे.

हुतूतू, खो-खो, आट्यापाट्या यांनाही नशिबाचे निरनिराळे फासे पडले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनला आपले देशी खेळ करून दाखविले. हुतूतू कबड्डी होऊन १९९० साली आशियाई स्पर्धांत शिरला, आणि जानेवारी २०२५ मध्ये खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा दिल्लीत होऊन भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी ती जिंकली. आट्यापाट्या मात्र मागे पडल्या. त्यास मोकळे पटांगण लागते, आणि शाहूपुरीत आता मोकळी जागा म्हणजे दोन मोटारींमधील अंतर.

गेल्या महिन्यात एके पहाटे मी तालमीत जाऊन बसलो. हौदा खणीत असलेल्या पोरांत आपल्या समाजातील तिघे होते. त्यांतील एकाच्या वडिलांचा गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. मुलाचा खुराक, म्हणजे दूध, तूप, बदाम, मूर्तींच्या हंगामावर चालतो, असे त्याने हसत सांगितले. हंगाम संपला की बदाम कमी होतात. आपण वर्षाकाठी देत असलेली रक्कम किती असते, ती मी कोषाध्यक्षांकडून विचारून घेतली आहे. तिच्यातून एका पोराचे चार महिन्यांचे बदाम होतात, यापेक्षा अधिक काही होत नाही.

सबब, गतवर्षीच्या सभेत त्या सूचनेला दिलेले माझे अनुमोदन मी या लेखाद्वारे मागे घेत आहे. कार्यकारी मंडळाने त्याची नोंद इतिवृत्तात करून घ्यावी, ही विनंती.