टेबल टेनिस संघटनांचा इतिहास: लंडनच्या लीगपासून जिल्ह्याच्या कार्यकारिणीपर्यंत

टेबल टेनिस हा खेळ इंग्लंडमध्ये एकदा विरून गेला होता. 1900 च्या सुमारास सेल्युलॉइडचा हलका चेंडू आला आणि जेवणाच्या टेबलावर पिंगपाँगचे वेड पसरले. डिसेंबर 1901 मध्ये अवघ्या काही दिवसांच्या अंतराने लंडनमध्ये दोन संघटना निघाल्या. एक ‘टेबल टेनिस असोसिएशन’, दुसरी ‘पिंगपाँग असोसिएशन’. दोघींचे नियम वेगळे आणि स्पर्धाही वेगळ्या. त्यातच ‘पिंगपाँग’ हे नाव खेळाचे सामान विकणाऱ्यांनी नोंदवलेले व्यापारचिन्ह होते. 1903 मध्ये दोन्ही संघटना एक झाल्या, पण तोवर लोकांचा उत्साह ओसरला होता.

1920 नंतर खेळ पुन्हा उभा राहिला तो संघटनेच्या बळावर. केंब्रिजमध्ये शिकलेला आयव्हर माँटेग्यू हा तरुण नियम, स्पर्धा आणि पत्रव्यवहार यांच्या मागे लागला. जानेवारी 1926 मध्ये बर्लिनमध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाची बोलणी झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लंडनमध्ये त्याची रीतसर स्थापना. माँटेग्यू अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांचे वय 22 होते. पुढे 1967 पर्यंत ते त्या पदावर राहिले. 1927 मध्ये इंग्लंडची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे सभासद म्हणजे 19 स्थानिक लीग होत्या. गावोगावचे क्लब, चर्चची सभागृहे, कारखाने आणि कचेऱ्या यांचे संघ आठवड्यातून एका संध्याकाळी एकमेकांशी खेळत आणि कोणी तरी मानद सचिव त्या सामन्यांचे निकाल वहीत उतरवून घेई. खेळ टिकला तो या वह्यांमुळे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

भारताचा संबंध अगदी पहिल्या पानापासून आहे. डिसेंबर 1926 ची लंडनमधली स्पर्धा मुळात युरोपीय अजिंक्यपद म्हणून ठरली होती. तिच्यात भारतीय खेळाडू उतरले आणि स्पर्धेला जागतिक अजिंक्यपदाचे नाव मिळाले. देशात मात्र खेळ वाढला तो जिमखान्यांमधून. मुंबईत, पुण्यात कॅरम आणि पत्त्यांच्या खोलीशेजारी टेबल टेनिसचे म्हणजेच टीटीचे टेबल मांडले गेले. क्रिकेटला मैदान लागते, टीटीला एक खोली पुरते. जागेची चणचण असलेल्या शहरात हा मोठाच फायदा होता.

फेब्रुवारी 1952 मध्ये जागतिक अजिंक्यपद स्पर्धा मुंबईत झाली. आशियात ती प्रथमच होत होती. जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची बॅट घेऊन आला होता. साध्या रबरी बॅटवर चेंडू आपटला की टक असा आवाज येतो, त्या आवाजावरून प्रतिस्पर्ध्याला वेगाचा अंदाज बांधता येई. सातोच्या बॅटचा आवाजच होत नसे. पुरुष एकेरीच्या अंतिम सामन्यात त्याने हंगेरीच्या योझेफ कोचियानला हरवले. एका बॅटने खेळाचा तोल इतका बिघडला की वाद अनेक वर्षे चालला. 1959 मध्ये महासंघाने निर्णय दिला: नुसता स्पंज बंद, रबराच्या थराखाली स्पंज चालेल, पण दोहोंची मिळून जाडी 4 मिलिमीटरच्या वर नको. आज मुंबईतल्या शाळकरी मुलाची बॅट पंच हातात घेऊन तपासतात, तेव्हा त्या तपासणीच्या मुळाशी मुंबईतलेच ते अजिंक्यपद असते. 1952 मध्येच सिंगापूरला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या गूल नासिकवाला यांनी महिला एकेरी जिंकली. पुढे 1975 मध्ये कोलकात्याला आणि 1987 मध्ये दिल्लीला जागतिक अजिंक्यपद झाले.

या साऱ्याच्या तळाशी जिल्हा संघटना असते. महाराष्ट्रात अशी संघटना साधारणपणे 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदवली जाते. घटना, सभासदयादी, वार्षिक सर्वसाधारण सभा, तपासलेले हिशेब हे सगळे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात पोचते; कार्यकारिणी बदलली की चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. क्लब जिल्ह्याला संलग्न, जिल्हा राज्याला, राज्य भारतीय महासंघाला. ही साखळी तुटली की सर्वात आधी फटका खेळाडूला बसतो, कारण जिल्ह्याच्या संघात निवड झाल्याशिवाय त्याला राज्य अजिंक्यपदात पाऊल टाकता येत नाही.

संघटनेचे खरे काम मानांकन स्पर्धांच्या दिवशी दिसते. 11, 13, 15, 17 आणि 19 वर्षांखालील मुलेमुली, खुला गट आणि प्रौढ, एवढे सगळे गट दोनतीन दिवसांत उरकायचे असतात. आदल्या रात्री ड्रॉ निघतो; अव्वल खेळाडू पहिल्याच फेरीत समोरासमोर येऊ नयेत आणि एकाच क्लबची मुले एकमेकांशी भिडू नयेत, याची काळजी घेतली जाते. 2.74 मीटर लांब आणि 1.525 मीटर रुंद टेबले पातळीत बसवायची, जाळे 15.25 सेंटिमीटरवर मापायचे. चेंडूचे वजन फक्त 2.7 ग्रॅम, त्यामुळे वाऱ्याची झुळूकही चालत नाही. खिडक्या बंद, पंखे बंद आणि मे महिन्याची मुंबई. अशा हॉलमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत बसणाऱ्या पंचांची दखल क्वचितच कोणी घेतो. 2001 मध्ये गेम 21 ऐवजी 11 गुणांचा झाला, तेव्हा संयोजकांचे वेळापत्रकही बदलले. प्रत्येक गेम छोटा झाला आणि साखळी गटांना अधिक जागा मिळाली.

निवडीचा प्रश्न हा प्रत्येक संघटनेचा नाजूक भाग आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये राष्ट्रीय शिबिराला हजेरी सक्तीची करण्याच्या नियमावरून खेळाडू मनिका बत्रा यांनी केलेल्या याचिकेनंतर दिल्ली उच्च न्यायालयाने भारतीय महासंघाची कार्यकारिणी निलंबित केली आणि प्रशासकांची समिती नेमली. वर्षाअखेरच्या निवडणुकीत मुंबईचे कमलेश मेहता सरचिटणीस झाले. ते आठ वेळा राष्ट्रीय विजेते होते आणि 1988 व 1992 चे ऑलिंपिकही खेळले होते. खेळाडूने कारभार हाती घेणे ही चांगली गोष्ट आहे. जिल्हा पातळीवर मात्र निवडीच्या वादाचा धडा अजून पुरता पोचलेला नाही. निवडीचे निकष स्पर्धेआधी लेखी जाहीर करणे हा खेळाडूंचा हक्क समजला पाहिजे.

स्पर्धांपलीकडचे काम कमी दिसते, पण त्याची गरज मोठी आहे. शाळांत उन्हाळी शिबिरे, क्रीडाशिक्षकांसाठी पंच परीक्षा, ज्येष्ठांसाठी सकाळची वेळ, अपंग खेळाडूंसाठी टेबल राखून ठेवणे, हे सारे संघटनेने मनावर घेतले तर होते. त्यात अवाढव्य खर्च नाही. टेबल आधीच आहे, हॉल दुपारी रिकामा असतो. अशा उपक्रमातून काय उभे राहते, त्याचे उदाहरण गुजरातेत आहे. मेहसाणा जिल्ह्यातल्या सुंढिया गावच्या भाविना पटेल अहमदाबादच्या ब्लाइंड पीपल्स असोसिएशनमध्ये प्रशिक्षणासाठी आल्या आणि तिथल्या टेबलावर त्यांनी खेळायला सुरुवात केली. 29 ऑगस्ट 2021 रोजी टोकियो पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी रौप्यपदक जिंकले, टेबल टेनिसमधले भारताचे पहिले पॅरालिम्पिक पदक.