पाटणच्या वाटेवर अस्वल, इ. स. १२०७

चाळीसगाव स्टेशनावर उतरलात की पाटणादेवीचं पाटण अठरा किलोमीटर. जीप मिळते. आज मात्र जीप नाही, स्टेशन नाही, रूळही नाहीत. आजची तारीख ९ ऑगस्ट १२०७. श्रावणी पौर्णिमा, प्रभव संवत्सर, आणि रात्री चंद्रग्रहण. देवगिरीला यादवांचं राज्य आहे, या डोंगराखालच्या मुलखात त्यांचे मांडलिक निकुंभ, आणि गादीवर सोइदेव. तुम्ही डोंगरी नदीच्या काठाने दक्षिणेकडे निघाला आहात. पायात वहाणा आहेत, पण चिखलाने त्या कधीच हातात घ्यायला लावल्यात.

पुढे एक तेल्याचं कुटुंब चाललंय, त्यांच्या मागे राहा. बैलाच्या पाठीवर तेलाचे दोन बुधले. तेली, त्याची बायको, तिच्या कडेवर तान्हा, आठेक वर्षांची मुलगी, आणि सगळ्यांच्या पुढे काठी टेकत सासूबाई. ग्रहणाला तीर्थावर स्नान, देवळात तेल, पोरांना जत्रा. घराबाहेर पडायला याहून चांगलं निमित्त कुठलं? त्यांचं बोलणं तुम्हाला निम्मं कळेल. उरलेलं हातवाऱ्यांवरून लावा.

वेध लागायच्या आत जेवून घ्यायचं म्हणून शिदोरी लवकरच सुटते. तुम्हाला परकं समजत नाहीत, हातावर भाकरी ठेवतात. भाकरी, तिळाची चटणी, लसूण, थोडे मिरे. पहिल्या घासाला काहीतरी चुकल्यासारखं वाटेल. मिरची नाही! खानदेशात बसून मिरचीशिवाय जेवायचं, हा या प्रवासातला सगळ्यात मोठा धक्का आहे. अस्वलाचं नंतर पाहू. मिरची अजून समुद्रापलीकडे आहे, यायला तीनशे वर्षं लागतील.

नदीकाठ सोडला की डोंगर जवळ येतात. साग, अंजन, सालई, धावडा, मधूनच मोह. आज इथल्या गौताळा अभयारण्यात शिरलात तर घाणेरीची जाळी कपडे ओढते. हे अमेरिकेचं झुडूप इंग्रजांच्या बागांमधून सुटलं आणि रानभर झालं. १२०७ मध्ये तिचा मागमूस नाही, त्यामुळे झाडांखाली नजर लांब जाते. अर्थात तुमच्याइतकीच वाघाचीही जाते. तेली बैलाच्या गळ्यातली घंटा मुद्दाम वाजती ठेवतो, ती काही हौस म्हणून नाही.

आणि मग जे व्हायचं ते व्हायला वाट सोडावी लागते. उतारावर मोहाची चार-पाच जुनी झाडं दिसतात. मोहाच्या बियांचं तेल निघतं, आणि तेल्याच्या पोरीला ते सांगावं लागत नाही. पावसात उरल्यासुरल्या बिया वेचायला ती ओटी धरून धावते. बैल आणि तेली वाटेवरच राहिले, म्हणजे घंटाही तिथेच राहिली. सासूबाई, सून आणि तुम्ही पोरीच्या मागे.

आधी आवाज येतो. लोहाराचा भाता कुणी रानात आणून ठेवलाय असा. एक जोरदार फुंकर, मग त्याहून जोरात आत ओढलेला श्वास, पुन्हा फुंकर. सासूबाईंची काठी आडवी होते आणि पोरीच्या छातीला लागते. पोरगी थांबते. तुम्हीही थांबा.

मोहाच्या पलीकडे वारूळ आहे, पावसाने मऊ झालेलं, आणि त्यात खांद्यापर्यंत शिरलेला काळा केसांचा ढीग. अस्वल म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे दरवेशी येत असेल: नाकात वेसण, हातात दोर, ताइतासाठी विकायचे केस, भीती जावी म्हणून पाठीवर बसवलेलं रडकं पोर. ते सगळं पुसून टाका. या अस्वलाच्या नाकाला कुणाचा हात लागलेला नाही. नख्या बोटाएवढ्या लांब, किंचित वाकड्या, खणायच्याच कामाच्या. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच. त्या फटीतून वाळवी ओढून घ्यायची, आणि आत माती जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटायच्या. हा आवाज रानात शंभर मीटरांच्याही पुढे जातो. मौज अशी, की ज्याच्या जेवणाचा आवाज सगळ्या रानाला ऐकू येतो, त्याला स्वतःला मात्र जेवताना दुसरं काही ऐकू येत नाही. नजरही बेताची. म्हणूनच माणूस जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही, आणि लागतो तेव्हा पळायला उशीर झालेला असतो. मग ते अंगावर येतं. दुष्टपणा नाही त्यात, दचकणं आहे. पण दचकलेल्या अस्वलाने चेहरा फाडला तर हा फरक जखमेला कळत नाही.

अंतर सत्तावीस हात असेल. हा आकडा भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणिताच्या ग्रंथातून आला. तिथे खांबावरचा मोर सत्तावीस हातांवरच्या सापावर झेप घेतो आणि दोघं कुठे भेटतील ते विचारलंय. अस्वलाचं गणित माझ्या तरी वाचनात नाही. भास्कराचार्यांनी घातलं असतं तर उत्तर आपल्या सोयीचं आलं नसतं: अस्वल माणसापेक्षा वेगाने धावतं, आणि झाडावरही चढतं.

सासूबाई पळत नाहीत. पोरीला मागे घेतात, सुनेला जवळ ओढतात, तुमचा दंड धरतात. तुम्ही सगळे आता एकच रुंद प्राणी झाला आहात. मग त्या बोलायला लागतात. ओरडत नाहीत, शेजारणीशी बोलावं तशा सपाट आवाजात, एकेक पाऊल मागे टाकत. वारा पाठीकडून वळतो आणि तुमचा वास पुढे जातो.

फुंकर थांबते. डोकं बाहेर येतं, मातीने माखलेलं, लांबुडकं, ओठ लोंबते. अस्वल मागच्या पायांवर उभं राहतं, छातीवरचा पांढुरका पट्टा दिसतो. हा हल्ल्याचा पवित्रा आहे असं तुम्हाला वाटेल. ते नुसतं हुंगतंय, समोरचं धूसर काय आहे ते ठरवतंय. त्याच वेळी वारुळामागून एक पिल्लू धडपडत येतं, आणि आता तुम्हाला खरं घाबरायला हरकत नाही. पण पिल्लू झाडाकडे जात नाही. आईच्या खांद्यांवरचे लांब केस मुठीत धरून पाठीवर चढतं आणि चपटं होतं. पिल्लं अशी पाठीवर वागवणारं अस्वल जगात हे एकच. एक चिडका हुंकार, चार पाय जमिनीवर, आणि दोन उड्यांत ते ओढ्याकडच्या बांबूत दिसेनासं होतं.

पोरगी पहिलं काय करते? ओटीतल्या बिया सांडल्या का ते बघते. सून मात्र मटकन बसते, आणि तान्हं आता रडायला लागतं.

तेल्याला वाटेवर काहीच कळलेलं नाही. त्याला सांगतात तेव्हा तो बायकोवर चिडतो, बायको सासूकडे बघते, सासूबाई चालायला लागतात. पुढची वाट सगळे जरा जास्तच मोठ्याने बोलतात. गौताळा अभयारण्याच्या प्राण्यांत अस्वलाचं नाव आजही आहे. तेव्हा श्रावणातल्या सहलीत वारुळाकडून असा आवाज आलाच, तर मोबाइल काढण्याआधी सासूबाई आठवा.

पाटणला गर्दी आहे. महादेवाचं देऊळ बांधून होऊन अजून साठ वर्षंही झालेली नाहीत, दगडाच्या कडा धारदार आहेत. नव्या मठाची सगळीकडे चर्चा आहे. यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी चांगदेव, भास्कराचार्यांचा नातू, आजोबांचा ‘सिद्धांतशिरोमणी’ आणि बाकीचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढतोय. ग्रंथ लिहून सत्तावन्न वर्षं झाली. आकाश मोकळं राहील याची हमी मी देत नाही, श्रावण आहे. ढग फाटले तर चंद्राच्या पूर्वेकडच्या कडेवर लक्ष ठेवा, काळिमा तिथूनच धरते, कारण चंद्र पूर्वेकडे सरकत पृथ्वीच्या सावलीत शिरतो. सासूबाई म्हणतील राहू. आचार्यांनी त्यांचीही सोय करून ठेवलीय: देवाच्या वराने राहूच त्या सावलीत शिरतो, असं म्हणून ते मोकळे झाले.

याच ग्रहणाच्या मुहूर्तावर सोइदेव मठाला दान देतो. १८६५ साली भाऊ दाजी लाडांनी जगापुढे आणलेला शिलालेख तो हाच. वरचा भाग संस्कृत, शेवटच्या ओळी मराठी, कारण त्या ओळी ज्यांच्या खिशातून जाणार त्यांना कळायला हव्यात. गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या. आणि जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळी-पळी तेल.

तेल्याचा चेहरा बघा. सकाळी अस्वल चुकवलं, संध्याकाळी हे. बायको जास्त व्यवहारी आहे, तिने लगेच विचारलं, पळी कुणाची, आपली की त्यांची? याचंही उत्तर दगडावर आहे: इथे जे मापायचं, ते मठाच्या मापाने.