लाकडाची जात आणि खिळ्याची निवड

लाकडाची पारख करणाऱ्या सुताराचा सर्वत्र गौरव होतो. खिळ्याची पारख करणाऱ्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. परंतु इतिहास पाहता, उत्तम फळी शाबूत असतानाही तिचा खिळाच पुष्कळदा आधी दगा देतो, असे आम्हांस दिसते.

ब्रिटिश आरमाराने १७६१ साली ‘अलार्म’ या जहाजाचा तळ तांब्याच्या पत्र्याने मढविला. दोन वर्षांनी पाहणी झाली, तेव्हा तांब्यास भिडलेले लोखंडी खिळे झिजून गेलेले आढळले. जेथे पत्र्याच्या वेष्टनाचा कागद चुकून मध्ये राहिला होता, तेथील खिळे मात्र टिकले होते. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकमेकांस भिडले की त्यांतील एकाचा क्षय होतो. म्हणूनच पुढे त्या आरमाराने तळासाठी तांब्याच्या मिश्रधातूचे खिळे पत्करले.

लाकडाचा स्वभावही तितकाच महत्त्वाचा. ओकमधील आम्ल लोखंडास खाते. सागातील तेल त्यास सांभाळते. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागाची ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका बांधली गेली. १८१७ साली पाण्यात उतरलेली ही नौका इंग्लंडातील हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे.

हा धडा आमच्या उपनगरांसही लागू आहे. अंधेरी-बोरिवलीच्या पश्चिमेस समुद्र, तर मुलुंड-घाटकोपरच्या पूर्वेस ठाण्याची खाडी; त्यात चार महिन्यांचा पाऊस. येथे बाहेरच्या भिंतीवर कठीण लाकडाच्या फळ्या बसविताना साधा लोखंडी खिळा गंजतो व फळीवर काळे डाग पाडतो. अशा ठिकाणी उत्तम प्रतीच्या गंजरोधक पोलादाचे स्क्रू घ्यावेत; समुद्राजवळ ३१६ प्रतीचे अधिक बरे. स्क्रूची लांबी फळीच्या जाडीच्या दुपटीहून कमी नसावी. कठीण लाकूड चिरते, म्हणून आधी गिरमिटाने भोक पाडावे. आणि पावसाळ्यात फळी रुंदीकडून फुगते, म्हणून फळीतील भोक स्क्रूहून किंचित मोठे ठेवून दोन फळ्यांत फट राखावी. पितळी स्क्रू मऊ असल्यामुळे पिळवटून तुटतो. तो वापरावयाचाच असेल, तर त्याच मापाचा पोलादी स्क्रू आधी फिरवून वाट करावी.

घरमालक फळीचा भाव विचारतो, खिळ्याचा विचारीत नाही. तेव्हा त्यास समजावून सांगणे हे कारागिराचेच कर्तव्य होय. आमच्या ज्ञातीतील तरुणांनी हत्यारांबरोबर ही पारखही वारशाने घ्यावी, एवढीच विनंती.