सडवा कोणाचा, भट्टी कोणाची

आम्ही आसगावच्या बचत गटाच्या बाया बोलतोय, तालुका पवनी, जिल्हा भंडारा. मागच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही मिटली आणि बोलणं दारूवर आलं. ते येतंच. पण या वेळी एकीनं वेगळंच विचारलं. दारू पहिल्यांदा गाळली कोणी, बाप्यांनी की बायांनी? आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आजी लगेच म्हणाल्या, "बायांनीच. चुलीजवळ दुसरं कोण होतं?"

आजींचं म्हणणं फार चुकीचं नाही. आजच्या इराक देशात चार हजार वर्षांपूर्वी जवाची बिअर घरोघरी बनत होती. बिअर गाळत नाहीत, ती आंबवतात. जव भिजवून मोड आणायचे, वाळवायचे, भरडून पाण्यात शिजवायचे आणि आंबू द्यायचे. आपली ज्वारीची आंबील आठवा, तिचीच ही लांबची बहीण. तिथं बिअरची देवीसुद्धा होती, निंकासी नावाची. बिअर विकणाऱ्या बायांसाठी हम्मुराबी राजानं कायदे केले होते. मापात खोट केली तर त्या बाईला पाण्यात फेकायची शिक्षा! म्हणजे धंदा बायांचा होता, आणि शिक्षाही बायांनाच.

आता युरोपातल्या चेक देशाचं ऐका. दर माणशी बिअर पिण्यात हा देश कित्येक वर्षं जगात पहिला आहे, वर्षाला सव्वाशे लिटरच्या आसपास. त्याचं कौतुक आम्ही करणार नाही. पण तिथल्या प्लझेन गावाची गोष्ट गटातल्या बाईनं ऐकावी अशी आहे. 1295 साली राजानं हे गाव वसवलं आणि गावातल्या घरमालकांना बिअर बनवण्याचा हक्क दिला. हा हक्क घराला चिकटलेला, घरासोबत पोरांकडे जाणारा. पण प्रत्येकाची चव निराळी, माल कधी चांगला, कधी नासका. 1838 साली लोक इतके वैतागले, की 36 पिंपं नासकी बिअर नगरभवनापुढे ओतून दिली. मग हक्कवाले एकत्र आले, पैसा गोळा केला आणि सगळ्यांचा मिळून एक कारखाना उभारला. शेजारच्या बव्हेरियातून योसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला. 1842 साली त्यानं फिकट जव, तिथलं हलकं पाणी आणि हॉप नावाच्या वेलीची कडवट फुलं वापरून सोनेरी, नितळ बिअर काढली. आज जगात खपणारी बहुतेक बिअर त्याच जातीची आहे. गावाचा हक्क गावाकडे राहिला, म्हणून हे झालं.

आपल्याकडे काय झालं? आपल्याकडे मोह. होळीच्या सुमाराला फुलं पडायला लागतात. पहाटे टोपली घेऊन जायचं, ऊन चढायच्या आत वेचायचं, अंगणात वाळवायचं. वेचणं, वाळवणं, साठवणं सगळं बायांचं. तीच फुलं पाण्यात काही दिवस ठेवली की सडवा फसफसतो, मग मडक्यावर मडकं ठेवून गाळतात. आजी सांगतात, त्यांच्या लहानपणी लग्नात, देवाला, बाळंतिणीला घोटभर लागायची म्हणून घरीच काढत.

इंग्रजांना यात महसूल दिसला. मुंबई इलाख्यात 1878 साली अबकारी कायदा आला. दारू सरकारी परवान्याच्या भट्टीतच गाळायची, कर भरायचा. पण मोह रानात फुकट पडतो, त्याला कसं अडवणार? तर 1892 साली मोहफुलांवरच कायदा केला. ठाणे-कुलाब्याकडे फुलं गोळा करण्यावर, बाळगण्यावर बंधनं आली. झाडाखाली पडलेलं फूल उचललं की गुन्हा! आपला भंडारा तेव्हा मध्य प्रांतात होता, हा कायदा आपल्यासाठी नव्हता. पण दुकानांचा लिलाव आणि ठेकेदार इकडेही होतेच. घरची गाळलेली चोरीची झाली, ठेकेदाराची कायदेशीर. पुढे 1949 चा दारूबंदी कायदा आला, आणि राज्यभर परवान्याची दुकानंही आली. बाईच्या हातातून भट्टी गेली, नवऱ्याच्या हातात बाटली आली. दाम मोजायला मात्र बाईचीच मजुरी.

म्हणून मग बाया उठल्या. शेजारच्या गडचिरोलीत लोकांच्या लढ्यानंतर 1993 पासून दारूबंदी आहे. आडव्या बाटलीचा नियम तुम्हाला माहीत असेल. गावातल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली तर मतदान होतं. पण दुकान बंद व्हायला यादीतल्या एकूण बायांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. आलेल्या बायांपैकी नव्हे, एकूण. रोवणीला, वीटभट्टीवर बाहेरगावी गेलेली बाई न येताच उभ्या बाटलीच्या बाजूला मोजली जाते. हे आम्हाला पटत नाही. शिवाय हा नियम परवान्याच्या दुकानापुरता. हातभट्टीसाठी पोलिसांकडेच जावं लागतं.

आता नवा पेच. गोव्याच्या काजू फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं. शेजारच्या मध्य प्रदेशात अलीकडे आदिवासी बचत गटांना मोहाची दारू परवान्यानं बनवू देतात. आमच्यातली एक म्हणाली, "हक्क आपलाच होता, आपण का मागू नये?" दुसरी उठलीच. तिचा नवरा दारूनं गेला. ती म्हणाली, "माझ्या सहीनं दारू निघणार असेल तर माझं नाव वहीतून काढा." कोणी काही बोललं नाही. दोघीही आमच्याच, दोघींचंही खरं. ठराव झाला नाही.

तेवढ्यात आजींनी विषय बदलला, की या वर्षीची फुलं व्यापाऱ्याला कवडीमोल भावात द्यायची नाहीत. म्हणून थोडी ठेवून घेतली. भाजली, कुटली, तीळ-गूळ घालून लाडू वळले. पहिला घाणा कडसर झाला, कारण फुलातलं केसर काढायचं राहून गेलं होतं. दुसरा घाणा शनिवारी घालतोय.