कात, केळीचे पान आणि पेशी : ऊतिदुरुस्तीच्या उपचारांचा महाराष्ट्रातील इतिहास आणि शहापूर-मुरबाड परिसर

प्रस्तावना

ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेस सह्याद्रीच्या पायथ्याशी शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके वसलेले आहेत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा स्वतंत्र झाल्यानंतर ठाणे जिल्ह्याचा आदिवासी भाग प्रामुख्याने याच दोन तालुक्यांत उरला. महादेव कोळी, ठाकूर, वारली आणि कातकरी या जमाती येथे पूर्वापार राहत आल्या आहेत. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी पुरविणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत; गंभीर आजाराच्या उपचारासाठी येथील माणसाला मात्र मुंबईचीच वाट धरावी लागते.

दाह शमविण्यासाठी आणि निकामी झालेल्या ऊती दुरुस्त करण्यासाठी जिवंत पेशींचा उपयोग करणे ही आधुनिक वैद्यकाची एक महत्त्वाची शाखा होय. तिचा इतिहास बहुधा युरोप-अमेरिकेतील प्रयोगशाळांच्या अनुषंगाने सांगितला जातो. तथापि, या इतिहासातील काही निर्णायक टप्पे महाराष्ट्रात घडले आहेत आणि त्यांतील पहिल्या टप्प्याचा संबंध सह्याद्रीच्या रानातील एका सामान्य वस्तूशी आहे. या टप्प्यांचा मागोवा घेऊन, हे उपचार ग्रामीण व आदिवासी रुग्णापर्यंत केव्हा पोहोचू शकले आणि केव्हा त्याच्यापासून दुरावले, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१७९४ ची नोंद आणि खैराचा कात

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या नियतकालिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एका शस्त्रक्रियेचे सचित्र वर्णन प्रसिद्ध झाले. कावसजी नावाचा शेतकरी जातीचा एक मराठा गडी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकण्याचे काम करीत होता. म्हैसूरच्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळ विटा घडविणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. मुंबईच्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या डॉक्टरांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिल्याचे त्या वृत्तांतात म्हटले आहे.

ही पद्धत साधी, परंतु अत्यंत विचारपूर्वक होती. मेणाचा पातळ साचा करून तो कपाळावर पसरला जाई. त्याच्या आकाराने कपाळाची त्वचा सोडवून ती खाली वळवीत, मात्र दोन डोळ्यांच्या मधला अरुंद दुवा कायम ठेवीत. या दुव्यातून रक्तपुरवठा चालू राहत असल्याने वळविलेली त्वचा जिवंत राही. सांधा टिकावा म्हणून पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर लावून त्या पट्ट्या एकावर एक बसवीत. चार दिवस दुसरे काहीही न लावता तेवढ्यावरच भिस्त असे. त्यानंतर तुपात भिजविलेले कापड ठेवीत आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी कपाळाशी असलेला दुवा तोडीत. या वृत्तांतावरून प्रेरणा घेऊन जोसेफ कार्प्यू याने १८१४ मध्ये लंडनमध्ये अशीच शस्त्रक्रिया केली. युरोपीय वैद्यकात ती ‘भारतीय पद्धत’ म्हणून रूढ झाली.

या वृत्तांतातील कात विशेष लक्ष देण्याजोगा आहे. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या उकळून, तो काढा आटवून कात तयार होतो. त्यातील तुरट द्रव्यांमुळे जखमेचा पृष्ठभाग आकुंचन पावतो. कात काढणे हा ज्या जमातीचा परंपरागत व्यवसाय होता आणि ज्या व्यवसायावरून तिला नाव मिळाले, ती कातकरी किंवा कातोडी जमात शहापूर-मुरबाडच्या वाड्यापाड्यांत आजही राहते. कारागिराची जात नोंदविणाऱ्या त्या नियतकालिकाने, पट्ट्यांवरील कात कोणी उकळला याची नोंद घेतलेली नाही. पुढे एकोणिसाव्या शतकात वनकायद्यांनी जंगलतोडीवर निर्बंध आणले आणि कातकऱ्यांचा हा व्यवसाय क्षीण होत गेला. आज ही जमात केंद्र शासनाच्या विशेष असुरक्षित आदिवासी समूहांच्या यादीत आहे. तिच्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर मजुरीसाठी स्थलांतर करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात.

दाह, दुरुस्ती आणि पेशींचे संवर्धन

पुण्याच्या कारागिराला जखम कशी भरते हे अनुभवाने ठाऊक होते. ती का भरते हे समजण्यास आणखी शंभर वर्षे लागली. १८८२ मध्ये इल्या मेच्निकॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाने ताराम‍ाशाच्या पारदर्शक डिंभकात काटा टोचला आणि फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा होताना पाहिल्या. दाह हा केवळ रोग नसून पेशींनी चालविलेले संरक्षणाचे कार्य आहे, ही कल्पना या निरीक्षणातून पुढे आली. या संशोधनासाठी त्याला १९०८ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. जखम झाल्यावर प्रथम पांढऱ्या पेशी जंतू व मृत ऊती दूर करतात, नंतर संयोजी ऊतीच्या पेशी नवा आधार विणतात आणि शेवटी त्वचेच्या पेशी कडांकडून सरकत येऊन पृष्ठभाग झाकतात. दाह वेळेवर शमला तर दुरुस्ती होते. तो रेंगाळला तर त्याच पेशी निरोगी ऊतींचाही नाश करतात.

या पेशी शरीराबाहेर वाढविण्याचे तंत्र महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय डॉ. कमल रणदिवे यांच्याकडे जाते. १९१७ मध्ये पुण्यात जन्मलेल्या रणदिवे यांनी बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे शिक्षण घेतले. मुंबईला परतल्यावर त्यांनी इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. ती देशातील अशा स्वरूपाची पहिली प्रयोगशाळा मानली जाते. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. निवृत्तीनंतर त्यांनी तत्कालीन अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात ‘सत्यनिकेतन’ या संस्थेच्या साहाय्याने आदिवासी मुलांच्या पोषणस्थितीचा अभ्यास केला. अकोले हा शहापूर-मुरबाडच्या माथ्यावरचा, घाटापलीकडचा प्रदेश; तेथील हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा खाली मुरबाड तालुक्यात उतरतो. आयुष्यभर सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहिलेल्या शास्त्रज्ञेला अखेरीस पोषणाच्या प्रश्नाकडे वळावेसे वाटले, ही बाब अर्थपूर्ण आहे. प्रथिनांची व रक्ताची उणीव असलेल्या शरीरात जखम भरून येण्याची क्रिया मुळातच मंदावते.

मुंबईच्या रुग्णालयांतील प्रयोग

भाजलेल्या रुग्णांवरील उपचार हे ऊतिदुरुस्तीचे सर्वांत कठीण क्षेत्र होय. १९७५ मध्ये अमेरिकेत राइनवॉल्ड आणि ग्रीन यांनी मानवी त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत मोठ्या प्रमाणावर वाढविण्याची पद्धत शोधली आणि १९८१ पर्यंत अशा पेशींचे पापुद्रे भाजलेल्या रुग्णांवर वापरले जाऊ लागले. ही पद्धत प्रभावी असली तरी अतिशय खर्चिक होती.

मुंबईतील डॉक्टरांनी निराळ्या टोकापासून विचार सुरू केला. वाडिया बालरुग्णालयातील डॉ. मनोहर केसवानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचा भाजलेल्या जखमेवरील आच्छादन म्हणून उपयोग केला आणि त्याचा प्राथमिक वृत्तांत १९८५ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. मधुरी गोरे आणि डॉ. दीपक आकोलेकर यांनी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाचा अभ्यास केला. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या तुलनात्मक अभ्यासात बटाट्याची साल आणि केळीचे पान सारखेच गुणकारी ठरले, मात्र केळीचे पान सुमारे अकरा पटींनी स्वस्त होते. पानाचा मेणचट पृष्ठभाग जखमेला चिकटत नाही, त्यामुळे आच्छादन बदलताना नव्याने वाढणारा पापुद्रा उचकटत नाही आणि रुग्णाला वेदना कमी होतात.

या आच्छादनांत स्वतःचा असा पेशीउपचार नव्हता. जखम ओलसर व झाकलेली ठेवून केशमुळांशी वाचलेल्या पेशींना वाढण्यास अवसर देणे एवढेच त्यांचे कार्य होते. परंतु खोल भाजलेल्या जखमेत अशा पेशीही उरत नाहीत. तेथे दुसऱ्या त्वचेची गरज भासते. या गरजेतून २००० मध्ये शीवच्या त्याच रुग्णालयात त्वचापेढी सुरू झाली. ती देशातील पहिली त्वचापेढी मानली जाते. पुढे ऐरोली येथील नॅशनल बर्न्स सेंटरमध्येही त्वचापेढी स्थापन झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत दात्याची वरच्या थराची त्वचा काढून ती ८५ टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेवली जाते. साध्या शीतकपाटाच्या तापमानात ती दीर्घकाळ टिकते आणि दाता व रुग्ण यांचा रक्तगट जुळण्याचीही आवश्यकता नसते. ही त्वचा कायमची रुजत नाही, परंतु रुग्णाची स्वतःची त्वचा लावता येईपर्यंत द्रवांचा ऱ्हास आणि जंतुसंसर्ग रोखून त्याचा जीव वाचवू शकते.

अस्थिमज्जेपासून मूलपेशींपर्यंत

अस्सल अर्थाने पेशींचे रोपण मुंबईत २० मार्च १९८३ रोजी झाले. टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या नेतृत्वाखाली रक्ताचा कर्करोग झालेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर अस्थिमज्जारोपण करण्यात आले. भारतातील हे पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण होय.

अस्थिमज्जेत रक्तनिर्मिती करणाऱ्या पेशींखेरीज आणखीही एक पेशीसमूह असतो, हे रशियातील अलेक्झांडर फ्रीडेन्स्टाईन यांनी १९६० नंतरच्या संशोधनात दाखवून दिले होते. १९९१ मध्ये अरनॉल्ड कॅप्लन यांनी त्यांना ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव रूढ केले. या पेशी हाड, कूर्चा, मेद अशा ऊती तयार करतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यांचे मोठे सामर्थ्य वेगळेच निघाले. त्या अल्पकाळच टिकतात, परंतु त्या काळात स्रवणाऱ्या द्रव्यांनी रोगप्रतिकारक पेशींना शांत करतात व स्थानिक पेशींना दुरुस्तीस प्रवृत्त करतात. २००४ मध्ये स्वीडनमधील कातारिना ले ब्लाँ यांनी रोपणानंतर उद्भवलेल्या तीव्र दाहावर या पेशींचा यशस्वी वापर केला. अखेर २०१७ मध्ये स्वतः कॅप्लन यांनीच हे नाव दिशाभूल करणारे असल्याने बदलावे, असे प्रतिपादन केले.

भारतात या पेशींपासून तयार केलेल्या ‘स्टेमप्युसेल’ या औषधास २०१६ मध्ये बर्गर रोगामुळे पायाचा रक्तपुरवठा खुंटलेल्या रुग्णांसाठी मर्यादित मान्यता मिळाली. हा रोग तंबाखूशी, विशेषतः विडी-सिगारेटच्या व्यसनाशी निगडित असून बहुधा कामकरी वयाच्या पुरुषांना होतो. रक्तवाहिन्यांचा दाह होऊन बोटे व पाय काळे पडतात आणि अनेकदा पाय कापावा लागतो. श्रमावर जगणाऱ्या कुटुंबात एक पाय जाणे म्हणजे उपजीविका जाणे होय.

या यशाच्या सावलीत अवास्तव दाव्यांचा बाजारही वाढला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकात मूलपेशी ‘संशोधन आणि उपचार’ असे शब्द होते. २०१३ च्या सुधारित आवृत्तीत ‘उपचार’ हा शब्द वगळण्यात आला. जे अद्याप सिद्ध झाले नाही ते उपचार म्हणून विकता येणार नाही, हा त्यामागील आशय होता. २०१७ च्या आवृत्तीने तो अधिक स्पष्ट केला.

शहापूर-मुरबाडच्या दृष्टीने

हा इतिहास या दोन तालुक्यांतून पाहिला असता अंतराचा प्रश्न ठळक होतो. आसनगाव किंवा कसारा येथून निघालेली लोकल शीव स्थानकावरून जाते. परंतु पाड्यावरून आसनगाव गाठणे हाच अनेकदा प्रवासाचा अवघड भाग असतो. मुरबाडला रेल्वे नाही. तेथील रुग्णास रस्त्याने कल्याण गाठावे लागते. ऐरोलीची त्वचापेढी तर याच जिल्ह्यात, परंतु जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. गंभीर भाजलेल्या रुग्णाच्या बाबतीत पहिले काही तास निर्णायक असतात. चुलीजवळ किंवा वीटभट्टीवर भाजलेल्या व्यक्तीवर त्या तासांत स्वच्छ पाणी ओतले गेले की जखमेवर भलतेच काही फासले गेले आणि शिरेवाटे द्रव सुरू झाले की नाही, यावर पुढील सर्व उपचारांचे यश अवलंबून असते.

उपचारांची भौतिक गरजही येथे विचारात घ्यावी लागते. केळीच्या पानाला निर्जंतुकीकरणाचे यंत्र पुरते. ग्लिसरॉलमधील त्वचेला शीतकपाट पुरते. संवर्धित मूलपेशींना मात्र उणे १९६ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप नायट्रोजनची साठवण आणि प्रशिक्षित मनुष्यबळ लागते. विज्ञान जितके सूक्ष्म होत गेले तितकी त्याची साधने पाड्यापासून दूर गेली.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एक, ऊतिदुरुस्तीच्या परंपरेचा प्रारंभ श्रमिकांच्या ज्ञानातून झाला. वीट घडविणाऱ्याचा हात आणि खैराचा कात हे तिच्या पहिल्या नोंदीतच आहेत. दोन, उपचार दुरावणे ही विज्ञानाची अपरिहार्य गती नव्हे. वाडिया व शीव येथील डॉक्टरांनी गरीब रुग्णाला परवडेल काय, हा प्रश्न शेवटी नव्हे तर आरंभीच विचारला, म्हणून त्यांचे उपाय सामान्य माणसाच्या आवाक्यात राहिले. तीन, नव्या पेशीउपचारांची उपयुक्तता मान्य करतानाच सिद्ध उपचार आणि विक्रीसाठी केलेले दावे यांतील फरक ग्रामीण समाजाला समजावून देणे आवश्यक आहे. चार, त्वचादान हा या साखळीतील असा दुवा आहे की ज्यासाठी महागडे तंत्र नव्हे, तर वेळेवर दिलेली संमती लागते. मरणोत्तर त्वचादान व भाजल्यानंतरचे प्रथमोपचार यांविषयीचे शिक्षण ग्रामीण महाविद्यालये राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून सहज देऊ शकतात.

कावसजीच्या नाकाची हकिकत लंडनला पोहोचली आणि तेथून ती जगभर गेली. ज्या जमातीच्या नावातच तो कात आहे, तिच्या वीटभट्टीवर भाजलेल्या लेकरापर्यंत त्या ज्ञानाचे आजचे रूप वेळेत पोहोचते का, यावर या इतिहासाचे मूल्यमापन व्हावयास हवे.