गेलेली वाचा आणि बाराखडी

लकव्यातून उठलेल्या माणसाची वाचा गेली की घरचे पाटी आणतात. ‘पहिल्यापासून शिकवू’ म्हणत अ, आ, इ सुरू होतं, मग क, ख, ग; जोडाक्षरं अगदी शेवटी. जीभ जड झाली म्हणून तिला मधात उगाळलेलं वेखंडही चोळतात. जुन्नर तालुक्यातल्या आणे पठारावर काय नि पुण्यात काय, समज हाच. त्यामागची माया खरी आहे. समज चुकीचा आहे.

आधी जिभेचं बघू. वाचा अशी जाण्याचं एक कारण असलेल्या ‘ॲप्रॅक्सिया ऑफ स्पीच’ या विकारात जीभ लुळी पडलेली नसते. माणूस भाकर नीट चावतो. दारात कुणी आलं तर ‘राम राम’ सहज निघून जातं. पण ‘राम म्हणा’ म्हटलं की ओठ चाचपडू लागतात. शब्द मनात असतो, त्याच्या हालचालींची मेंदूतली जुळणी विस्कटलेली असते. तिथे वेखंड काय करणार?

आता बाराखडी. कुणी म्हणेल, आपली अक्षरं उच्चारावरच बेतलेली आहेत, मग बिघडलं कुठे? हे अर्धंच खरं आहे. आणे गावच्या यात्रेत रंगदासस्वामींच्या पुण्यतिथीला आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. ‘आमटी’ हा शब्द इथल्या माणसाच्या तोंडी जन्मभराचा. लिहिताना त्यात तीन अक्षरं, बोलताना तुकडे दोनच: आम्-टी. भाकरही भा-कर. आ, म, टी असं सुटं घोकणारा माणूस त्या शब्दात नसलेल्या पूर्ण ‘म’चा सराव करतो.

जोडाक्षरांचंही तसंच. ‘जुन्नर’ आणि ‘प्रसाद’ दोन्हींत जोडाक्षर आहे. पण जुन्-नर म्हणताना ते दोन तुकड्यांत वाटलं जातं, ‘प्र’ मात्र एकाच झटक्यात काढावा लागतो. म्युनिकचे संशोधक इन्ग्रिड आयशर्ट आणि वोल्फ्राम त्सीग्लर यांनी २००४ साली जर्मन रुग्णांत हेच दाखवलं: एकाच तुकड्यात कोंबलेली व्यंजनं जास्त चुकतात, दोन तुकड्यांत विभागलेली कमी, आणि रोजच्या वापरातले तुकडे विरळ तुकड्यांपेक्षा बरे टिकतात. मराठी रुग्णाला ‘जुन्नर’साठी शेवटच्या धड्यापर्यंत थांबवायला काहीच आधार नाही, असं मी त्यावरून म्हणतो.

मग तुकडे नुसते पाठ करून घ्यावेत का? भाषा-मानसशास्त्रज्ञ विलेम लेवेल्ट यांच्या मते नेहमीचे तुकडे मेंदूत तयार साठवलेले असतात. पण म्हणून ते बंद डबे ठरत नाहीत. आयशर्ट-त्सीग्लर यांच्याच २००८ च्या अभ्यासात एका तुकड्याचा सराव त्याच्याशी घडण जुळणाऱ्या दुसऱ्या तुकड्यांत उतरलेला दिसला. म्हणजे ‘आम्’ बसला की ‘काम’, ‘राम’कडे वळण्यात अर्थ आहे.

या विकाराबरोबर पुष्कळदा वाचाघातही, म्हणजे भाषेचाच बिघाड, असतो, म्हणून आधी वाचा-उपचारतज्ज्ञाकडून नीट तपासून घ्या. घरी मात्र पाटी बाजूला ठेवा. रुग्णाच्या समोर बसा, तुमचे ओठ त्यांना दिसू द्या, आणि सावकाश, त्यांच्याबरोबरच म्हणा: आम्-टी.